पंधरा दिवस आधीचा कार्तिक

रायपूरला तात्यापाऱ्यातल्या ज्या घरी मी उतरले होते, तिथे स्वयंपाकघराच्या भिंतीवर दोन कॅलेंडरं शेजारी शेजारी टांगलेली आहेत. एक आपलं कालनिर्णय, दुसरं जबलपूरचं लाला रामस्वरूप. १२ ऑक्टोबर २०२५ च्या चौकोनात पहिलं सांगत होतं अश्विन वद्य षष्ठी. दुसरं सांगत होतं कार्तिक कृष्ण षष्ठी. तिथी तीच, पक्ष तोच, महिना मात्र निराळा. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. म्हणून कोजागिरीचं दूध पिऊन झालं की छत्तीसगडात लगेच कार्तिक लागतो आणि महाराष्ट्रात त्यासाठी पाडवा उजाडावा लागतो. त्या घरातल्या काकू लग्न होऊन आल्यापासून हे दोन महिने एकाच संसारात सांभाळत आल्या आहेत. फराळाची तयारी कालनिर्णय बघून, पहाटेचं स्नान शेजारणींबरोबर.

त्या मधल्या पंधरवड्यात मला रायपूरहून राजिमला सायकलनं जायचं होतं. अंतर सुमारे ४५ किलोमीटर. मोटारीला तासाभराचा रस्ता. आम्ही पहाटे पाचला निघालो आणि राजिमचा पूल ओलांडला तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते. एवढा वेळ का लागला, ते सांगण्यासाठीच हा लेख आहे.

‘आम्ही’ म्हणजे मी आणि त्या घरातले काका. वय एकाहत्तर, बँकेतून निवृत्त, रायपुरातली चौथी पिढी. त्यांची सायकल काळी ॲटलास, मोठ्या फ्रेमची, मागे लोखंडी कॅरियर. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिनालाच, बंद पडला. काकांनी त्या आठवड्यात आपली सायकल पूर्ण खोलून, ग्रीस भरून, पुन्हा बसवली होती. मला त्यांच्या भाच्याची गिअरवाली सायकल मिळाली. “तू पुढे पळू नकोस,” एवढंच त्यांनी निघताना बजावलं. “गिअर शेवटचा सोडून सगळे विसर.”

तात्यापारा हे नावच कानाला ओळखीचं वाटतं, आणि इथली मराठी वस्तीही जुनी आहे. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी १७५८ पासून रतनपूरला राहून छत्तीसगडचा कारभार पाहू लागले. पुढे १८१८ मध्ये इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती कारभार गेला तेव्हा मुख्य ठाणं रतनपूरहून रायपूरला आलं, आणि १८५४ मध्ये नागपूरचं राज्यच खालसा झालं. कारकून, पुजारी, शिलेदार, मास्तर म्हणून आलेली घरं मात्र राहिली. दसऱ्याला एकमेकांना सोनं म्हणून पानं द्यायची रीत छत्तीसगडात बिंबाजींच्या काळात रुजली, असं इथल्या इतिहासाच्या पुस्तकांत सांगतात. याच शहरात माधवराव सप्रे राहिले. १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढणारे, टिळकांचं ‘गीतारहस्य’ आणि समर्थांचा ‘दासबोध’ हिंदीत नेणारे सप्रे १९२६ मध्ये रायपुरातच वारले. बुढा तलावाजवळून जाताना काकांनी त्यांच्या नावाच्या शाळेकडे मान वळवली. “आमची शाळा,” म्हणाले, आणि पेडल मारत राहिले.

अजून उजाडलं नव्हतं. षष्ठीचा चंद्र डोक्यावर होता. शहर सुटायला पाऊण तास लागला, आणि त्या पाऊण तासाबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. ट्रक, भाजीचे टेम्पो, धूळ.

शहराबाहेर पडताना काका एका जागी थांबले. समोर नवा कोरा एक्स्प्रेस-वे. “हीच लाइन,” ते म्हणाले.

रायपूर-धमतरी ही छोटी लाइन १९०० मध्ये बंगाल नागपूर रेल्वेनं सुरू केली. रूळ अडीच फुटी, म्हणजे विदर्भातल्या शकुंतला रेल्वेएवढेच. अभनपूरला तिचा एक फाटा फुटून राजिमला जायचा. रायपूर ते केंद्री हा तिचा तुकडा २०१७ मध्ये बंद झाला आणि शहरातल्या रुळांच्या जागेवर हा रस्ता उभा राहिला. काकांची आजी राजिमजवळच्या एका गावात राहायची. लहानपणी सुट्टी लागली की ते याच गाडीनं जायचे. दूधवाले आपले कॅन आणि शाळामास्तर आपल्या सायकली खिडकीच्या गजांना बाहेरून अडकवायचे, हे त्यांना सर्वांत ठळक आठवतं. गाडी चालू लागली की बाहेर लटकलेल्या सायकलींची चाकं वाऱ्यानं आपोआप फिरू लागत. गाडीत बसलेल्या पोराला वाटायचं, गाडी त्या चाकांवर चालली आहे.

केंद्रीच्या अलीकडे एका तळ्यापाशी उजाडलं. तळ्याला छत्तीसगडीत ‘तरिया’ म्हणतात आणि पायऱ्यांच्या घाटाला ‘पचरी’. पचरीवर दहा-बारा मुली आणि चार-पाच म्हाताऱ्या स्नान करून ओल्या केसांनी उभ्या होत्या. पानांच्या द्रोणात ठेवलेले दिवे पाण्यावर लांब गेले होते, काही विझले होते. शरद पौर्णिमेनंतर महिनाभर पहाटेच्या अंधारात अशी अंघोळ करायची, दिवा सोडायचा, मग महादेवाला पाणी घालायचं. एका आजीनं आम्हाला पाहून विचारलं, “कहाँ जाथस नोनी?” नोनी म्हणजे मुलगी, पोरी. मी पंचेचाळिशीची आहे. राजिमला, म्हटल्यावर तिनं आधी माझ्या सायकलकडे पाहिलं, मग काकांच्या पांढऱ्या केसांकडे. “बने हे,” म्हणाली. बरं आहे.

छत्तीसगडच्या जुन्या गावांची तळी मोजायची एक म्हण आहे: छै आगर छै कोरी. कोरी म्हणजे वीस, आपली कोडी. सहा कोड्या आणि वर सहा, म्हणजे १२६. रतनपूर, धमधा अशा गावांबद्दल ही म्हण अजून सांगतात. भंडारा-गोंदियाच्या वाचकाला हे नवं वाटणार नाही. त्याच्याकडेही मालगुजारी तलाव आहेत, बोड्या आहेत, आणि एका तळ्याचं जास्तीचं पाणी खालच्या तळ्यात जावं अशी आखणी आहे. नकाशावर मध्ये राज्याची सीमा येते. पाण्याचं गणित दोन्हीकडे एकच आहे.

केंद्रीपासून धानाचा मुलूख खरा सुरू झाला. इथे आम्ही हायवे सोडला आणि गावागावांतल्या वाटेनं जायचं ठरवलं. हायवे क्रमांक ३० पुढे धमतरी, जगदलपूर करत कोंट्याकडे जातो आणि त्यावर सायकलस्वाराला फारशी जागा नाही.

मी या रस्त्यानं पूर्वी दोनदा मोटारीतून गेले होते. तेव्हा दोन्ही बाजूंना एकच हिरवा-पिवळा पट्टा दिसला होता. ‘धान का कटोरा’ म्हणतात तो हाच, असं मनाशी म्हणून मी मोबाइल पाहत बसले होते. सायकलवर पहिल्या तासातच कळलं की तो पट्टा एक नाही. एका बांधीत धान कापून ‘करपा’ पसरलेला, म्हणजे कापलेल्या पेंड्या वाळायला आडव्या टाकलेल्या. तिच्या खालच्या बांधीत लोंबी पिवळी होऊन वाकलेली. त्याच्याही खाली, हातभर उतारावर, धान अजून गर्द हिरवं, लोंबीत दूध भरत असलेलं. हे एकाच शेतकऱ्याचं शेत असू शकतं. असं का, हे काकांनी एका बांधावर उतरून दाखवलं. आधी बांधावरून मातीचं एक ढेकूळ उचललं, मग खालच्या बांधीतलं दुसरं.

छत्तीसगडी शेतकऱ्याकडे जमिनीची चार नावं आहेत. उंचवट्यावरची लाल, मुरमाड, पाणी न धरणारी ती भाठा. तिच्या खालची पिवळसर, रेतीमिश्रित ती मटासी. आणखी खाली, करडी, मटासी आणि काळीच्या मधली ती डोरसा. आणि सर्वांत खोलगट भागातली काळी, चिकट, पाणी धरून ठेवणारी ती कन्हार. उतार इतका मंद आहे की मोटारीतून जाणवतच नाही. सायकलवर मात्र पायाला कळतो. दोन मिनिटं पेडल हलकं झालं की समजायचं आपण कन्हारकडे उतरतोय. लवकर येणारं, तीन-साडेतीन महिन्यांचं वाण वरच्या जमिनीत. पाच महिने घेणारं स्वर्णासारखं वाण खाली. म्हणून ऑक्टोबरच्या मध्याला हा प्रदेश एकाच वेळी कापलेला, पिकलेला आणि हिरवा असतो. डिसेंबरात सगळं कापून एकसारखं उजाड होतं आणि श्रावणात एकसारखं हिरवं. ही चार नावं डोळ्यांना वाचता येतात ती शरदातल्या या तीन-चार आठवड्यांतच.

गावाच्या शिवाराला इथे ‘खार’ म्हणतात. कोकणच्या माणसाला समुद्राचं पाणी शिरणारी जमीन आठवेल. इथे मात्र समुद्र शेकडो मैल लांब. खारात बांधाबांधांवर बाभळी उभ्या असतात. धानाच्या बांधीभोवती बाभळी राखायची या भागातली जुनी पद्धत आहे. नांगराला लाकूड, चुलीला सरपण, शेळ्यांना शेंगा. काही बांधांवर तूर लावलेली होती. नागपूर-भंडाऱ्याकडे आम्ही धुऱ्यावर लावतो तशीच.

एका कन्हार बांधीत एक माणूस हिरव्या-पिवळ्या धानातून सावकाश चालत होता. खांद्याला झोळी, आणि हात पेरल्यासारखा फिरत होता. उभ्या पिकात पेरतोय काय? काकांनी हाक मारून विचारलं. तिवरा, तो म्हणाला. म्हणजे आपली लाख, लाखोळी. धान कापायला दोन-तीन आठवडे असताना, जमिनीत ओल आहे तोवर, तिवऱ्याचं बी उभ्या धानातच फेकायचं. धानाच्या सावलीत ते रुजतं, कापणी झाली की ऊन मिळून वाढतं. नांगर नाही, पाणी नाही, खत नाही. या पद्धतीला ‘उतेरा’ म्हणतात. त्यानं मूठ उघडून दाखवली. बी करड्या रंगाचं, कोपरे काढल्यासारखं, दगडाच्या खड्यासारखं दिसणारं.

लाखोळीवर महाराष्ट्रानं अनेक वर्षं बंदी घातली होती. दुष्काळात दिवसेंदिवस तीच खाल्ली तर पाय लुळे पडतात, हे खरं आहे. त्या डाळीतलं विषार कमी असलेली ‘प्रतीक’ आणि ‘महातिवडा’ ही वाणं रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठानं काढली. महाराष्ट्रानं २००८ मध्ये बंदी उठवली. माझी आजी भंडाऱ्याकडची. लाखोळीच्या डाळीचे वडे ती चोरून करायची, असं आईनं सांगितलं होतं. त्या माणसाच्या तळहातावरचं बी मी दोन बोटांत धरून पाहिलं. जन्मात पहिल्यांदा पाहत होते.

त्याच विद्यापीठात धानाच्या २३ हजारांहून अधिक नमुन्यांचा संग्रह आहे. त्याचा पाया घातला डॉ. राधेलाल हरेलाल रिछारिया यांनी. सत्तरच्या दशकात त्यांनी गावोगाव फिरून, शेतकऱ्यांना विचारत, सुमारे १९ हजार नमुने गोळा केले. नगरीच्या दुबराज तांदळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण वाटेत मी जेवढ्यांना विचारलं, त्यातल्या निम्म्यांनी घरी खायला काय लावता याला एकच उत्तर दिलं: एचएमटी. हे वाण महाराष्ट्राचं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे, दीड एकराचे धनी, यांनी १९८३ च्या सुमारास आपल्या बांधीतल्या काही वेगळ्या लोंब्या हेरल्या, त्यांचं बी वर्षानुवर्षं निवडून वाढवलं, आणि त्या काळी ज्याच्या त्याच्या मनगटावर असलेल्या घड्याळाचं नाव त्याला मिळालं. दादाजी ३ जून २०१८ ला गेले, हलाखीत गेले. छत्तीसगडच्या शेतकऱ्याला एचएमटी कुणी काढलं ते माहीत नाही. मी ज्याला ज्याला सांगितलं, त्यानं नाव पुन्हा विचारून घेतलं. एकानं तर पोराला हाक मारून वहीत लिहायला लावलं.

अभनपूरला नाश्ता केला. तांदळाच्या पिठाचा चिला, म्हणजे आपलं घावन, आणि टोमॅटोची झणझणीत चटणी. काकांनी चार खाल्ले.

तिथून राजिमचा फाटा. मध्ये एक कालवा लागतो आणि त्याच्या काठानं कच्ची वाट जाते. महानदीच्या पाण्यानं भरलेला, शांत. नीलपंख तारेवरून उडून पाण्यावर झेपावला तेव्हा त्याच्या पंखांचा निळा रंग पाण्यात उतरला. पलीकडच्या बांधीत उघड्या चोचीचे पाच-सहा करकोचे गोगलगायी शोधत फिरत होते.

या कालव्यांची एक गोष्ट काकांना पाठ आहे. धमतरीजवळ कंडेल गाव. १९२० च्या पावसाळ्यात सरकारनं गावकऱ्यांवर कालव्याचं पाणी चोरल्याचा आरोप ठेवून चार हजार रुपयांवर दंड लावला. गावानं दंड भरायचं नाकारलं. गुरं जप्त झाली आणि लिलावासाठी एका बाजारातून दुसऱ्या बाजारात फिरवली गेली. एकाही बाजारात एकाही माणसानं बोली लावली नाही. राजिमजवळच्या चमसूरचे पंडित सुंदरलाल शर्मा, छोटेलाल श्रीवास्तव आणि धमतरीचे नारायणराव मेघावाले हे त्या सत्याग्रहाचे पुढारी. शर्मा स्वतः जाऊन गांधीजींना घेऊन आले, आणि २० डिसेंबर १९२० ला गांधीजी रायपूरला उतरले. मेघावाले हे नाव आपल्याकडच्या किती पुस्तकांत सापडतं? मी तरी रायपूरला येईपर्यंत ऐकलं नव्हतं, याची मला खंत वाटते.

काठावरच माझं मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा.

पंक्चरचं दुकान माणिकचौरीला मिळालं, म्हणजे तीन किलोमीटर सायकल ढकलत. छोट्या लाइनीचं हे जुनं स्टेशन. वडाखाली एक पत्रा, त्याला टांगलेल्या जुन्या ट्यूबा, आणि साठीला आलेला एक माणूस. त्यानं दोन पान्यांनी टायरची कड उचलली, ट्यूब बाहेर ओढली, हवा भरून पाण्याच्या घमेल्यात फिरवली. बुडबुडे आले तिथे आगकाडीचं टोक दाबून खूण केली. कोरडं करून घासलं, सोल्युशन लावलं, फुंकर मारत बसला. इथपर्यंत सगळे करतात. पण ठिगळ बसवल्यावर त्यानं ट्यूब लगेच आत घातली नाही. जुन्या धोतराचा एक मऊ तुकडा दोन बोटांना गुंडाळला आणि टायरच्या आतून सावकाश फिरवत नेला. एका जागी कापड अडलं. तिथे नखानं दाबून त्यानं काट्याचं टोक वर काढलं. तांदळाच्या कणीएवढं. मग पुढे फिरवलं, आणखी एका जागी अडलं. दुसरा काटा अजून ट्यूबपर्यंत पोचलाच नव्हता. “येहू निकल गे,” म्हणाला. हाही निघाला. वीस रुपये घेतले.

त्याच्या दुकानाच्या मागे एकसारख्या सहा-सात लेडीज सायकली उभ्या होत्या. सरकारच्या सरस्वती सायकल योजनेत नववीतल्या मुलींना मिळालेल्या. नवीन सायकल आली की मुली आधी इथे घेऊन येतात. तो सगळे नट पुन्हा आवळतो, ब्रेक बसवतो, सीट खाली करतो. गावात हायस्कूल नसलेल्या कितीतरी मुलींचं शिक्षण या सायकलीमुळे आठवीच्या पुढे गेलं, असं त्याचं म्हणणं. त्याची स्वतःची थोरली मुलगी आठवीला थांबली. धाकटी नर्सिंग शिकतेय. दोघींमध्ये सहा वर्षांचं अंतर आहे आणि मधल्या काळात सायकल आली, एवढंच तो म्हणाला.

नवा रायपूरच्या रुंद रस्त्यांना सायकलसाठी वेगळे पट्टे आहेत, चांगलंच आहे. पण या मुली रोज ज्या वाटेनं शाळेत जातात, त्या वाटेवर मला एकही पट्टा दिसला नाही. जिथे सायकलवर पोट किंवा शिक्षण अवलंबून आहे, तिथे हातभर डांबर आधी जायला हवं. ते जात नाही, हे मला अगदी सरळ अन्याय्य वाटतं.

माणिकचौरीतच सुवा भेटला. एका अंगणातून टाळ्यांचा ठेका ऐकू आला म्हणून आत डोकावलो. आठ-दहा बाया गोल धरून उभ्या, मध्ये टोपली, टोपलीत धान, धानावर मातीचे दोन हिरवे पोपट. पोपट म्हणजे सुवा. बाया कमरेत वाकून, टाळी देत, एका पावलानं गोल फिरत होत्या. अर्ध्या जणी म्हणायच्या, अर्ध्या त्याच ओळी उचलून परत म्हणायच्या. ढोल नाही, दुसरं वाद्य नाही. पोपटाला निरोप सांगायचा असतो. सासरी गेलेल्या बाईचं मन त्यात असतं. घरोघर जाऊन मिळालेलं धान आणि पैसे दिवाळीच्या रात्री गौरा-गौरीच्या लग्नाला लागतात. मातीचा शंकर, मातीची पार्वती. गोंडांचा मूळचा सण, आता सगळ्या गावाचा.

मी उंबऱ्याशी उभी राहिले आणि मला भुलाबाई आठवली. विदर्भात भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघर जाऊन भुलाबाईची गाणी म्हणतात. तीही मातीचीच, शेजारी भुलोजी, म्हणजे पार्वती आणि शंकरच. गाण्यांत सासर आणि माहेर. आमच्या वाड्यात ती कोजागिरीला उठायची, खिरापत वाटायची आणि वर्षभरासाठी संपायची. मला आयुष्यभर वाटत आलं की त्यानंतर पार्वती कुठे जाते ते कुणालाच माहीत नाही. माणिकचौरीच्या त्या अंगणात वाटलं, ती पूर्वेला येते. आपल्याकडची कोजागिरी आटोपली की इथल्या कार्तिकात, पंधरा दिवसांसाठी. हे कुठल्या पुस्तकातलं नाही, माझ्या मनातलं आहे. त्यातल्या वयस्क बाईनं ‘नोनी’ म्हणत माझा हात धरून गोलात ओढलं आणि मी दोन फेऱ्या वाकून टाळ्या दिल्या. काका दाराशी दोन्ही सायकली धरून उभे होते.

नवापाऱ्यात शिरलो की भातगिरण्यांचा वास येतो. उकडलेल्या धानाचा, जरासा आंबूस. मग महानदीचा पूल. पाणी एका अंगाला, उरलेलं पात्र रेतीचं, आणि रेतीवर कांस फुललेलं, पांढरं, वाऱ्यानं एकाच दिशेला झुकलेलं. महानदी, पैरी, सोंढूर अशा तिघींचा हा संगम म्हणतात. सोंढूर खरं तर आधीच वर पैरीला मिळून आलेली असते, पण नाव तिचंही राखलं आहे. पात्राच्या मधोमध उंच जोत्यावर कुलेश्वर महादेव. पुरात पाणी जोत्याला वेढा घालतं. लोक सांगतात, कुलेश्वर हा भाचा. पाणी चढलं की तो मामाला हाक मारतो आणि पाणी काठच्या मामाच्या मंदिराचे पाय शिवून ओसरू लागतं. मामा-भाचे इथे एका नावेत बसत नाहीत. छत्तीसगडात मामा भाच्याच्या पाया पडतो, कारण कौसल्या इथली मानतात. रायपूरजवळच्या चंदखुरीत तिचं मंदिर आहे. म्हणून राम साऱ्या छत्तीसगडचा भाचा. काकांचे मामा महाराष्ट्रातले. एकदा काकांबरोबर राजिमला आले तेव्हा इथल्या रिवाजानं त्यांनी भर घाटावर दहा वर्षांच्या काकांच्या पायांना हात लावला होता. काकांना त्याची अजून लाज वाटते.

राजीवलोचनाचं मंदिर आठव्या शतकाच्या सुमाराचं. मंडपाच्या भिंतीत ११४५ सालचा, कलचुरींचा सरदार जगतपाल याचा शिलालेख आहे. भिंतीशी उभं राहून अक्षरांवरून डोळा फिरवायला वेळ द्या. खांबांवरच्या मूर्ती पुरुषभर उंच आहेत आणि दुपारच्या तिरप्या उजेडात सर्वांत चांगल्या दिसतात.

संध्याकाळी काका म्हणाले, स्टेशनवर जाऊ. छोटी लाइन गेली, पण त्या मार्गावर मोठी लाइन आली. मार्च २०२५ मध्ये अभनपूरपर्यंत, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात राजिमपर्यंत मेमू धावू लागली. आम्ही गेलो तेव्हा तिला महिनाही झाला नव्हता. फलाटावर गावातली कुटुंबं नुसती गाडी पाहायला आली होती. काकांनी सायकल भिंतीला टेकवली आणि रुळांच्या रुंदीकडे बराच वेळ पाहिलं. साडेपाच फूट. गाडी सुटली. सगळा डबा काचा-दारांचा, बाहेर काही अडकवायला जागा नाही. “चांगली आहे,” ते म्हणाले. “आजीला रायपूरच्या दवाखान्यात न्यायला चार तास लागले होते.” मग ते सायकलकडे वळले.

दुसऱ्या दिवशी आम्ही वेगळ्या वाटेनं परतलो. वल्लभाचार्यांचं जन्मस्थान चंपारण, मग आरंग. तो प्रवास स्वतंत्र लिहिण्याजोगा आहे.

नागपूर, गोंदिया, मुंबईहून हावड्याकडे जाताना रायपूर स्टेशनवर चहा पिऊन पुढे गेलेले हजारो मराठी वाचक आहेत. त्यांना माझी विनंती: एकदा उतरा. सायकल तात्यापाऱ्यात कुणाकडेही मिळेल. केंद्रीपर्यंत हायवे उजाडायच्या आत पार करा, पुढे खारातल्या वाटा धरा. बांधावर सायकल घालण्याआधी शेतात कुणी असेल तर विचारा. धानाचे भारे घेऊन येणाऱ्याला आधी वाट द्या. पंक्चरचं सामान जवळ ठेवा, आणि जुन्या धोतराचा एक तुकडाही. एचएमटी लावतो असं कुणी म्हणालं तर दादाजी खोब्रागड्यांचं नाव त्याला सांगा. आणि तिकीट काढताना एवढं लक्षात असू द्या की तिथे कार्तिक आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो.